बेन टेनचा गेम, दिराचं रमीचं कर्ज आणि शिवणकामाचे दीड हजार

पत्राचा सारांश : पत्र यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या ताईंचं आहे. घरी चार एकर कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. मुलगी अमरावतीला वसतिगृहात राहून शिकते, तिच्याकडे वापरलेला लॅपटॉप घेतलेला आहे. मुलगा दहा वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीत. मावशीकडे टीव्हीवर ‘बेन 10’ ही कार्टून मालिका पाहिल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नाही. यात्रेत घेतलेल्या प्लास्टिकच्या हिरव्या घड्याळाचा पट्टा तुटला, तर त्यानं ते शिवणाच्या दोऱ्यानं मनगटाला बांधलं. सहामाहीत चांगले मार्क मिळाले तर बेन टेनचा गेम घेऊन देईन, असा शब्द ताईंनी दिला होता. मार्क मिळाले. शिवणकामातून दीड हजार रुपयेही साठलेत. आता मुलगी म्हणते, तो गेम थर्ड क्लास आहे, दोन संध्याकाळींत संपतो, पैसे वाया जातील. दीर ऑनलाइन रमीत पीककर्जाचे पैसे हरलेला, त्यामुळे नवऱ्यानं बजावलंय, “गेमचं नाव काढू नोको घरात.” तालुक्याच्या मोबाइल दुकानातला पोरगा म्हणतो, शंभर रुपये द्या, मोबाइलमध्येच टाकून देतो. लेक सध्या वडिलांच्या मोबाइलवर फुकटचे गेम खेळतो, पण त्याचं एकच टुमणं, “माय, मले तोच पाह्यजे.” ताई विचारतात, गेम घ्यावा का? आणि नवऱ्याला न सांगता मुलीच्या लॅपटॉपवर टाकला तर चालेल का?

ताई,

तुमच्याभोवती चार माणसं गेमबद्दल बोलताहेत आणि प्रत्येकाच्या डोळ्यासमोर वेगळीच वस्तू आहे. मुलाला दहा वर्षांचा बेन दिसतो, मुलीला इंटरनेटवर वाचलेले शेरे, दुकानातल्या पोराला शंभराची नोट. तुमच्या मालकांना मात्र त्यांचा भाऊ दिसतो. सुरुवात मालकांपासूनच करते, कारण बाकीचं सगळं तिथं अडलंय.

त्यांचा राग आंधळा आहे असं मला वाटत नाही. पेरणीसाठी उचललेला पैसा मोबाइलच्या पडद्यावर उडून गेलेला ज्यानं पाहिलाय, त्याला गेम हा शब्द ऐकूनच धडकी भरणार. पैसे लावून खेळायच्या असल्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारनं ऑगस्ट 2025 मध्ये कायदा करून बंदी घातली. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायचे गेम, आणि निव्वळ करमणुकीचे गेम वेगळे ठेवलेत. म्हणजे तुमचे मालक ज्याला भितात ते आणि तुमचा मुलगा जे मागतो ते, हे दोन्ही कायद्यालासुद्धा एक वाटत नाही. पण हे कलम त्यांच्यापुढे वाचून दाखवू नका. भाऊ बुडालेल्या माणसाला कायद्यातला फरक ऐकवला की तो आणखीच आडमुठा होतो.

त्यापेक्षा एक गोष्ट तुम्ही स्वतः नीट आठवून पाहा. दिराचं नुकसान झालं तेव्हा ते घरात कधी कळलं? बहुतेक घरांत ते शेवटी कळतं, सोसायटीची नोटीस आल्यावर किंवा दुकानदार दारात उभा राहिल्यावर. तोवर सगळं मोबाइलच्या आत झाकलेलं असतं. ज्या घरानं ही लपवाछपवी भोगली, त्या घरात तुम्ही पुन्हा काहीतरी लपवून लॅपटॉपमध्ये ठेवायचं म्हणताय. तुमचा हेतू चांगला आहे, पैसे तुमच्या घामाचे आहेत, तरी मी नाही म्हणेन. आणि हे गुपित सांभाळायचं कुणी? दहा वर्षांच्या पोरानं. तो आठ दिवसांत कुठंतरी बोलून जाणार, किंवा बापासमोर खोटं बोलायला शिकणार. दीड हजारांत हे फार महाग पडेल.

तेव्हा मालकांना सांगायचं, हे पक्कं. कधी आणि कसं, ते पुढे सांगते. आधी गेमचं बघू.

मुलीचं म्हणणं चुकीचं नाही. 2017 साली आलेला हा ‘बेन 10’ आउटराइट गेम्स या ब्रिटिश कंपनीचा. ही कंपनी मुख्यतः मुलांच्या मालिका-सिनेमांवरचे गेमच काढते. तो बनवला ऑस्ट्रेलियातल्या टोरस गेम्सनं, आणि मोठ्या गेमच्या मानानं कमी किमतीत तो बाजारात आला. 2016 साली नव्यानं सुरू झालेल्या मालिकेवर तो बेतलाय. त्यात काय आहे? बेन चालत पुढे जातो, शत्रूंची एक टोळी येते, मनगटावरचं घड्याळ फिरवून तो चार हातांचा फोर आर्म्स किंवा आगीचा हीटब्लास्ट होतो, ठोसे मारतो, टोळी संपते, पुढची येते. शेवटी एक मोठा खलनायक. पुढच्या ठिकाणी पुन्हा तेच. मोठी माणसं कंटाळणारच. लांबीही काही तासांचीच.

असे गेम पातळ का असतात, हे मुलीला माहीत नसेल तर सांगा, तिच्या अभ्यासाशीही त्याचा संबंध निघू शकतो. गाजलेलं पात्र वापरायचं तर त्याच्या मालकाला पैसे मोजावे लागतात. ते देऊन उरलेल्या पैशात गेम बनतो. वर मालिका आणि खेळणी बाजारात गरम असतानाच तो दुकानात पोचायला हवा, म्हणजे हाताशी महिने थोडे. मग गेममधली ठिकाणं कमी होतात, त्याच शत्रूला दुसरा रंग देऊन पुन्हा उभं करतात. पण हा काही अटळ नियम नाही. रविवारी दूरदर्शनवर हिंदीतून ‘डकटेल्स’ बघत आमची पिढी मोठी झाली, त्यावर जपानच्या कॅपकॉमनं 1989 साली केलेला गेम आजही नावाजला जातो. उलट ‘द लेजंड ऑफ कोरा’ या गाजलेल्या मालिकेवरचा गेम 2014 साली प्लॅटिनमगेम्स या मारामारीच्या खेळांत मुरलेल्या कंपनीनं केला, किंमत पंधरा डॉलर ठेवली, आणि लोकांनी नाकं मुरडली. नाव मोठं असलं म्हणून खात्री नाही आणि किंमत कमी असली म्हणूनही नाही.

पण हे शेरे लिहितं कोण? वर्षाला ढीगभर गेम खेळणारे तिशीतले लोक. त्यांना तीच चाल पाचव्यांदा आली की वीट येतो. तुमच्या मुलानं आजवर लॅपटॉपच्या बटणांवर एकही शत्रू लोळवलेला नाही. त्याला तीच चाल पाचव्यांदा येणं म्हणजे “आता जमलं!” असं वाटणं. शिवाय बेन त्याच्याच वयाचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोबांबरोबर गाडीतून भटकणारा, आणि बरोबर चुलतबहीण ग्वेन, जी सारखी त्याच्या चुका काढते. ही शेवटची गोष्ट मुलीला जरूर सांगा. ‘थर्ड क्लास’ म्हणणारी घरची ग्वेन कोण, हे तिच्या लक्षात येईल.

मारामारी आहे म्हणून धास्ती असेल, तर रक्तबिक्त काही नाही. यंत्रमानव आणि राक्षस फुटतात, झालं. युरोपातल्या वयोगटाच्या मानांकनात तो सात वर्षांच्या पुढच्यांसाठी आहे. दोन दिवस घरातल्या उशांना लाथा बसतील, तेवढ्याची तयारी ठेवा.

आता माझं खरं मत. मुलीला जो दोष वाटतो, की गेम दोन संध्याकाळींत संपतो, तोच मला या गेमचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. आत्ता तुमचा मुलगा वडिलांच्या मोबाइलवर जे फुकटचे गेम खेळतो, ते संपतच नाहीत. तशीच त्यांची बांधणी असते. एक पातळी झाली की दुसरी, हरला की जाहिरात बघ आणि पुन्हा खेळ, रोज ये आणि नाणी घे, नाणी कमी पडली तर विकत घे. बनवणाऱ्याचा पैसा जाहिरातींतून आणि त्या नाण्यांतून येतो, म्हणून पोराला उठू न देण्यातच त्याचा फायदा. विकत घेतलेल्या गेमचा हिशेब पहिल्याच दिवशी मिटलेला असतो. पोरगा लवकर उठला काय, उशिरा उठला काय, कंपनीला फरक पडत नाही. तमाशाच्या फडात तिकीट काढून वग बघणं वेगळं आणि जुगाराच्या फडाशेजारी फुकट चहा पिणं वेगळं. मालकांना गेमच्या नावानं जी भीती वाटते, तिचं मूळ फुकटच्या बाजूला जास्त आहे, आणि त्यांच्याच मोबाइलवर ते रोज चालू आहे. दीड हजाराचं महाग वाटतं आणि फुकटचं स्वस्त, हे एकदा उलटून बघा.

दुकानातल्या पोराचं शंभर रुपयांचं काम तर मुळीच नको. तो बहुधा 2007 सालचा ‘बेन 10 : प्रोटेक्टर ऑफ अर्थ’ टाकून देणार. तो प्लेस्टेशन 2 या टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठी आणि पीएसपी या हातातल्या यंत्रासाठी निघाला होता, आणि पीएसपीचं सोंग घेणाऱ्या ॲपवर मोबाइलमध्ये चालतो. गेम चांगलाय म्हणतात, पण दुकानातली प्रत चोरीची असणार. चोरीचं म्हणून नको, हे एक कारण. दुसरं कारण तुमच्या घराच्या जास्त जवळचं आहे. ज्या मोबाइलवर तो हे टाकणार, त्याच मोबाइलवर बँकेचे ओटीपी येतात, पीएम किसानचा हप्ता जमा झाल्याचा मेसेज येतो, यूपीआय चालतं. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा पीएम किसानच्या नावाखाली एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल, पाठवून खाती रिकामी केल्याचे प्रकार आपल्याकडे किती झालेत ते तुम्हीही ऐकलं असेल. पेनड्राइव्हवरून कुठली फाइल आत जातेय हे ना तुम्हाला कळणार, ना त्या पोराला. खुद्द तो प्रामाणिक असेल, पण त्यानं ती फाइल कुठून उतरवली ते त्यालाही आठवत नसेल. एखाद्या वाचकाच्या घरी हे आधीच घडलं असेल आणि खात्यातून पैसे गेले असतील, तर बँकेत जाण्याआधी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पहिले काही तास फार मोलाचे असतात.

घ्यायचाच ठरला तर कसा घ्यावा, ते सांगते. लॅपटॉपवर तो स्टीम नावाच्या ऑनलाइन दुकानातून घेता येतो. तिथलं खातं तेरा वर्षांखालच्याला काढता येत नाही, तेव्हा ते मुलीच्या नावावर राहील. पैसे यूपीआयनं जातात. पैसे भरण्याआधी मुलीला सांगा, गेमच्या पानावर खाली लॅपटॉप किमान कसा हवा ते दिलेलं असतं, ते आपल्या लॅपटॉपशी ताडून बघ. वापरलेल्या लॅपटॉपमध्ये बहुधा वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, तिथं असे गेम अडखळतात. पण त्यालाही सोय आहे. घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर स्टीम पैसे परत देतं. म्हणून पहिला तासभर मुलीनंच चालवून बघावा, मगच भावाला सांगावं. आधी सांगितलं आणि चाललाच नाही, तर त्या रात्री घरात कुणी जेवणार नाही.

उतरवायचं काम वसतिगृहाच्या वायफायवरच करायला लावा, गावातल्या रेंजवर ते होणार नाही. एकदा उतरवला आणि ऑनलाइन असतानाच उघडून पाहिला, की पुढे स्टीम ऑफलाइन ठेवूनही हा खेळता येतो. एकट्यानं खेळायचा असल्यामुळे अनोळखी कुणी त्यात बोलायला येत नाही. भावंडांनी बरोबर खेळावं असं वाटत असेल तर 2020 चा ‘बेन 10 : पॉवर ट्रिप’ आहे, त्यात पडदा दुभागून दोघं खेळतात. त्याला लॅपटॉप मात्र जास्त दमाचा लागतो.

आणि घाई करू नका. डिसेंबरच्या उत्तरार्धात स्टीमचा मोठा सेल लागतो, मुलांच्या असल्या जुन्या गेमची किंमत तेव्हा अनेकदा निम्म्याहूनही खाली येते. मुलाला सांगा, गेम मिळणार, पण सेलमध्ये. मार्कांचा शब्द तुम्ही दिलाय, तो पाळाच. फक्त पुढच्या खेपेला मार्कांना बक्षीस बांधू नका. वार्षिक परीक्षेला तो काय मागेल याचा अंदाज तुम्हाला येतोयच.

एक कडू गोष्टही आधीच माहीत असलेली बरी. नाव वापरायचा करार संपला की असे गेम दुकानातून काढून टाकतात. कोराचा गेम डिसेंबर 2017 मध्ये गायब झाला, डकटेल्सची नवी आवृत्ती 2019 मध्ये काढली आणि 2020 मध्ये परत आणली. ज्यांनी आधी घेतलेला असतो त्यांच्या खात्यातून तो सहसा जात नाही, पण नव्यानं घेता येत नाही. म्हणून सेलची वाट बघायची ती या डिसेंबरपर्यंत. तीन वर्षं पुढं ढकलू नका.

लॅपटॉप अमरावतीला असतो, म्हणजे गेम फक्त मुलगी सुट्टीत आली की घरात येणार. तुम्हाला ही अडचण वाटली असेल. मला हे सोयीचं वाटतं, वेळेचं बंधन आपोआप घातलं जातं. पण बहीण घरी आल्या आल्या तिच्या पिशवीला हात घालायचा नाही, आणि तिची परीक्षा असेल तर लॅपटॉप तिचाच, हे दोन्ही आधीच ठरवून घ्या. ती आल्याचा आनंद लॅपटॉप आल्याच्या आनंदात विरघळला तर तिला लागेल. ती बोलून दाखवणार नाही, पण लागेल.

ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही, एकच मोबाइल घरभर फिरतो, अशा वाचकांची पत्रंही येतात. त्यांनी एवढं तरी करावं. मुलाच्या हातात मोबाइल देताना एअरप्लेन मोड लावून द्या. पुष्कळ साधे गेम नेटशिवाय चालतात, आणि नेट नसलं की जाहिरातीही नाहीत, पैसेही जात नाहीत. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सोय चालू करा. यूपीआयचा पिन मुलाला सांगू नका, “माह्या हाताले चिखल हाय, तूच टाक” असं म्हणूनसुद्धा नाही. वावरात असताना हे सर्रास होतं.

आता मालकांशी बोलायचं. वेचणीच्या घाईत हा विषय काढूच नका. आणि बोलताना गेमपासून सुरू करू नका, त्यांच्याच मोबाइलपासून करा. मुलगा कुठला फुकटचा गेम खेळतो तो उघडून त्यांच्यासमोर दहा मिनिटं खेळून दाखवा. मध्ये किती जाहिराती येतात, कुठं पैसे मागतो, ते त्यांनी स्वतः बघू द्या. मग म्हणा, हे बंद करू, त्याच्या बदल्यात एकदाच पैसे मोजून एक घेऊ, तो तुमच्या मोबाइलवर नसेल, पोरीच्या लॅपटॉपवर असेल आणि चार दिवसांत संपेल. ते पैशावर येतीलच. 2025-26 च्या हंगामाचा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये आहे, त्या हिशेबानं दीड हजार म्हणजे साडेअठरा किलो कापूस. हा हिशेब ते तोंडी करतील आणि तुम्हाला ऐकवतील. ऐकून घ्या, कारण तो खरा आहे. मग शांतपणे सांगा की हे पैसे मशीनवरचे आहेत, आणि सेलमध्ये निम्मेच लागतील.

एक काम मात्र त्यांच्याकडंच सोपवा. पहिल्या दिवशी गेम सुरू होईल तेव्हा त्यांनी मुलाशेजारी बसायचं आणि यात कुठं पैसे मागतो का, हे तपासायचं. राखणीला बसलेला माणूस निदान समोर काय चाललंय ते बघतो.

तरीही ते नाहीच म्हणाले तर? तर या खेपेला थांबा. मुलाला खोटं कारण देऊ नका, ‘गेम मिळाला नाही’ असं तर अजिबात नाही. बाबांना काकांच्या प्रकरणाची भीती बसलीय, त्यांना अजून वेळ हवाय, असं सरळ सांगा. दहा वर्षांच्या पोराला एवढं कळतं, काकांचं काय झालं तेही त्याला तुम्हाला वाटतं त्याहून जास्त माहीत असणार. दिलेल्या शब्दाच्या बदल्यात त्याला दुसरं काय हवं, ते त्यालाच विचारा. पैसे तसेच बाजूला ठेवा. स्टीमचा मोठा सेल जूनच्या शेवटीही येतो.